भाऊ राजा, धाकटा बिशप

प्रश्न : मध्ययुगीन इंग्लंडमध्ये राजघराण्यातली मुले बिशप होत असत. राजा आणि चर्च यांच्यात तंटा झाला, तर असा बिशप कोणाची बाजू घेत असे?

उत्तर : विंचेस्टरचा बिशप, ब्ल्वाचा हेन्री, याच्या चरित्रात हा पेच उघडपणे दिसतो. इंग्लंड जिंकणाऱ्या विजेत्या विल्यमची मुलगी अडेला ही त्याची आई. फ्रान्समधल्या क्लुनीच्या मठात वाढलेल्या या भाच्याला अडेलाचा भाऊ, राजा पहिला हेन्री, याने 1126 मध्ये ग्लास्टनबरीचा मठाधिपती केले आणि 1129 मध्ये विंचेस्टरचा बिशप. दोन्ही पदे, आणि अर्थातच दोन्हींचे उत्पन्न, त्याने मरेपर्यंत सोडले नाही.

1135 मध्ये मामा वारला. सरदारांनी त्याच्या मुलीशी, मटिल्डाशी, निष्ठेची शपथ घेतली होती; तरीही बिशप हेन्रीने विंचेस्टरचा राजखजिना थोरला भाऊ स्टीफन याच्या हाती पडेल अशी तजवीज केली आणि चर्चच्या स्वातंत्र्याबाबत स्वतः जामीन राहून त्याला राज्याभिषेक करवला. पुढचे सारे या जामिनकीवरून समजते. 1138 मध्ये कँटरबरीचे आर्चबिशपपद, म्हणजे इंग्लंडच्या चर्चमधले सर्वोच्च पद, हेन्रीला डावलून थिओबाल्ड नावाच्या धर्मगुरूला मिळाले, हा घाव होताच. पण 1139 मध्ये स्टीफनने सॉल्सबरीच्या बिशपला अटक केली, तेव्हा पोपचा प्रतिनिधी या नात्याने हेन्रीने विंचेस्टरला धर्मसभा बोलावून सख्ख्या भावाकडेच जाब मागितला.

फेब्रुवारी 1141 मध्ये, गादीवर हक्क सांगणाऱ्या मटिल्डाच्या पक्षाशी झालेल्या लिंकनच्या लढाईत, स्टीफन कैद झाला आणि हेन्री महिनाभरात मटिल्डाला जाऊन मिळाला. स्टीफनच्या मुलाला त्याच्या बापाची खाजगी जहागीर तरी मिळावी, ही त्याची मागणी तिने धुडकावली, तेव्हा तो परत स्टीफनच्या बाजूला गेला. तिने विंचेस्टरला त्याच्यावर चाल केली. बिशपच्या माणसांनी वाड्यातून फेकलेल्या आगीत शहराचा मोठा भाग जळाला. आपल्याच धर्मपीठाच्या गावाला आग लावणारा हा धर्मगुरू! गावाबाहेर त्यानेच स्थापलेल्या सेंट क्रॉस आश्रमात तेरा गरिबांना निवारा आणि रोज शंभरांना जेवण मिळत असे, आणि वाटसरूंना पाव व बिअर देण्याची तिथली प्रथा अजून चालू आहे, हेही त्याच माणसाचे काम.

त्याला केवळ दलबदलू म्हणणे मला पटत नाही. घराण्याचा पाठिंबा तो चर्चच्या हक्कांच्या अटीवर देत होता; मात्र चर्चचे हक्क आणि स्वतःचा अधिकार यांत तो फारसा भेद करत नसे. स्टीफननंतर गादीवर आलेल्या राजा दुसऱ्या हेन्रीने बिशपचे किल्ले पाडले, आणि बिशप काही काळ क्लुनीला जाऊन राहिला. परतल्यावर 1162 मध्ये टॉमस बेकेटला आर्चबिशपपदाची दीक्षा त्यानेच दिली. पुढे राजाशी तंटा झालेल्या बेकेटचा राजाच्याच सरदारांनी खून केला; त्यानंतर, ऑगस्ट 1171 मध्ये, आंधळ्या झालेल्या बिशप हेन्रीने मृत्युशय्येवरून राजाला त्या खुनाबद्दल खडसावल्याचे बखरकार सांगतात. तेव्हा मात्र गादीवर त्याचा भाऊ नव्हता.