इरा, इराला आणि इरेला

प्रश्न असा: "भावाला मुलगी झाली. ते फिनलंडला असतात. आत्या म्हणून नाव मी ठेवायचं आहे. छोटं, फारसं कुणाचं नसलेलं, जगातल्या कुठल्याही भाषेतलं चालेल. सध्या मायरा, कियारा आणि इरा अशी यादी आहे. तिन्ही संस्कृतच ना? आणि इरा म्हणजे सरस्वती ना?"

हल्ली नावांच्या याद्यांमध्ये दिसेल त्या नावापुढे 'संस्कृत' असं ठोकून देतात आणि अर्थ 'देवी' किंवा 'राजकन्या' लिहून मोकळे होतात. मायरा संस्कृत नाही. फल्क ग्रेव्हिल नावाच्या इंग्रज कवीने सोळाव्या शतकाच्या अखेरीस कवितेतल्या प्रेयसीसाठी ते घडवलं. कियाराचं आयरिश मूळ धरलं तर अर्थ काळी-सावळी, इटालियन धरलं तर उजळ. एकाच नावात श्यामाही आणि गौरीही! आजीला कोणती सांगायची ते घरात ठरवा.

इरा मात्र अस्सल संस्कृत. अमरकोशात चक्क ओळ आहे: 'इरा भूवाक्सुराप्सु स्यात्'. म्हणजे भू, वाक्, सुरा आणि अप्. जमीन, वाणी, दारू, पाणी. यातली वाणी उचलून तिची सरस्वती केली आणि तिच्या शेजारची दारू गुपचूप गाळली, असा हा यादीवाल्यांचा उद्योग. मुळात वेदांतला अर्थ पिऊन तृप्ती देणारं काहीतरी, पोसणारा घोट. दूधही त्यात आलं. तान्ह्या पोरीला याहून चांगलं नाव कोणतं? काही कोश इरा आणि इळा एकच मानून पुढे जातात. र-ळची अदलाबदल मलाही माहीत आहे, पण इळा यज्ञातली देवता म्हणून सरस्वतीच्या पंगतीला बसते आणि इरा पेल्यात राहते. दोघींना एकाच पाटावर बसवायची घाई कशाला?

ही इरा जिच्यापाशी आहे ती इरावती. आपली रावी म्हणजे इरावतीच, आणि ब्रह्मदेशातली मोठी नदीही याच कुळातली. इरावती कर्वे 1905 साली ब्रह्मदेशात म्यिंजानला जन्मल्या आणि त्यांचं नाव त्या नदीवरून ठेवलं गेलं. परदेशात जन्मलेल्या मराठी मुलीला तिथल्या नदीचं नाव द्यावं आणि ते पुन्हा संस्कृत निघावं, असा योग विरळा.

आता मला खरं बोलायचंय ते 'इरेला' या रूपाबद्दल. सीतेला, राधेला या न्यायाने इराचं रूप इरेला होतं, आणि व्याकरणाचे काही पहारेकरी तेवढंच शुद्ध मानतात. त्यांनी शेजारच्या रेखाबाईंना 'रेखेला बोलवा' म्हणून दाखवावं. माणसाच्या नावात रूप न बदलण्याची रीत आता पक्की झाली आहे आणि ती शहाणपणाची आहे. शिवाय 'इरेला पेटली' म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक. तिथे मूळ शब्द दीर्घ 'ईर'. वीटचं विटेला होतं तसं ईरचं इरेला. ही ईर ईर्ष्येतून आली असं सांगतात. मला पटत नाही. ईर्ष्या पालीत 'इस्सा' होते, प्राकृतात 'ईसा'; र गळतो, स टिकतो. मराठीत नेमका र टिकला आणि स उडाला, हे कसं? माझा तर्क, आणि तो माझाच आहे, की ही ईर 'ईर्' धातूची: हालवणं, ढकलणं, चेतवणं. प्रेरणेत तोच, समीरात तोच. इरेला पेटलेल्या माणसाला मत्सर असतोच असं नाही, आतून कुणीतरी ढकलत मात्र असतं. 'ईर्ष्या हा तत्सम शब्द उशिरा तोडून ईर केला' असं उत्तर मला एकदा मिळालं होतं. शब्द काय उसाचं कांडं आहे, हवा तिथे तोडायला?

फिनलंडच्या शेजारी रशियात इरा हे इरिनाचं घरगुती रूप. मूळ ग्रीक, अर्थ शांती. आणि 'इराला' म्हणायचं तर रशियन माणूस म्हणतो 'इरे'! आपल्या इरेला पेटण्याशी त्याचं काही नातं नाही, पण मी हे वाचलं त्या दिवशी जेवण गार झालं. लॅटिनमध्ये मात्र इरा म्हणजे राग. अमेरिकेत Ira हे स्पेलिंग 'आयरा' असं उच्चारतात आणि ते नाव पुरुषांचं असतं.

हो, तुम्हाला जगभरची नावं हवी होती. फिनिशमध्ये सुवी, म्हणजे उन्हाळा. तिकडे उन्हाळा हवासा असतो. आइसलँडची लोआ, वसंताची वर्दी देणारा चिखल्याच्या जातीचा पक्षी. हिब्रू ताल, म्हणजे दव. जपानी 'आई' म्हणजे प्रेम, पण ते आपल्या घरात नको. तुर्की 'सू' म्हणजे पाणी, तेही नको, कारण सांगायला नको. इरा ठेवलंत तर पहिली इ ह्रस्वच लिहा.