आडवं पडल्यावर बीपी चढं, उभं राहिल्यावर चक्कर

प्रश्न : वडील ७४ वर्षांचे, जुना मधुमेह. पहाटे लघवीला उठले की डोळ्यांपुढे अंधारी येते. परवा न्हाणीच्या उंबऱ्यावर पडले. पण झोपलेले असताना यंत्र १६० दाखवतं. बीपीची गोळी वाढवायची का? – एक वाचक, फोंडा

उत्तर : इतक्यात नको. आधी उभं करून मोजा.

सकाळी गोळ्यांआधी पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी आणि नाडी लिहा. मग उभं करून एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजा. हात हृदयाच्या उंचीला धरा. लोंबता ठेवला तर आकडा खोटाच चढा येतो. मागे खुर्ची, शेजारी माणूस हवाच. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर दोष आहे. आडवं असताना बीपी चढं असलेल्यांत वरच्यासाठी ३० धरतात.

समजा १६०/८४ चं ११८/७० झालं आणि नाडी ७२ वरून जेमतेम ७६. अंगातलं पाणी घटलं असतं तर नाडी धावली असती. ती धावत नाही, म्हणजे नसांतच, मज्जातंतूंतच खोट. उभं राहताच अर्धा-पाऊण लिटर रक्त पोटा-पायांत उतरतं. मानेच्या धमनीतली आणि महाधमनीच्या कमानीतली ताण ओळखणारी टोकं ते मेंदूला कळवतात, आणि तिथून रक्तवाहिन्या आवळायचा हुकूम सुटतो. जुन्या मधुमेहात हा हुकूम नेणाऱ्या नसा झिजतात. लगाम सुटला की बीपी दोन्हीकडे भरकटतं, म्हणून आडवं पडल्यावर १६०.

प्रोस्टेटची टॅमसुलोसिन किंवा लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर हे आकडे घेऊन डॉक्टरांना भेटा. आपल्या मनाने काहीही बंद करू नका. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा घालून ती बाजू १५-२० सेंटीमीटर उचला. नुसत्या उशा रचून उपयोग नाही, मान तेवढी वाकते. रात्रीचं बीपी आणि लघवी दोन्ही त्याने कमी होतात. लघवीचं भांडं पलंगाशीच ठेवा. सकाळी उठण्याआधी अर्धा लिटर पाणी तीन-चार मिनिटांत प्यायलं तर तासभर आधार मिळतो. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर विचारूनच. दुपारी ताटभर शीत-कडी जेवून लगेच उठू नये, रक्त आतड्यांकडे वळलेलं असतं. मे महिन्यातला हुर्राक, म्हणजे काजूची दारू, तर नकोच, त्याने वाहिन्या आणखी सैलावतात. पेजेत मीठ वाढवायचा सल्ला शेजारी देतील. आडवं असताना १६० असणाऱ्याला तो परस्पर लागू करू नका.

प्रश्न : दाढी करताना मान वळवली, की घेरी येते. मणक्याचं असेल का? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : असेलही, पण आधी हृदयाच्या डॉक्टरांकडे जा. वरच्या उत्तरात सांगितलेली मानेच्या धमनीतली ताण ओळखणारी टोकं काहींत फाजील हळवी होतात. वस्तरा किंवा घट्ट कॉलर दाबली, की हृदय तीन सेकंदांहून जास्त थांबू शकतं. ईसीजी लावून मान चोळून ही तपासणी करतात. घरी दाबून पाहू नका.