क्षार उकळत नाहीत, पण भांडं खातात

प्रश्न : वितळलेल्या क्षारांवर चालणाऱ्या अणुभट्टीचा स्फोट होत नाही आणि तिचा कचराही उरत नाही, असं एका व्हिडिओत पाहिलं. मग अशा भट्ट्या सगळीकडे का नाहीत?

उत्तर : पहिलं विधान बऱ्याच अंशी बरोबर आहे, दुसरं नाही. नेहमीच्या अणुभट्टीत तीनशे अंशांपलीकडे तापलेल्या पाण्याची वाफ होऊ नये म्हणून वातावरणाच्या सुमारे १५० पट दाब ठेवावा लागतो. वितळलेल्या क्षारांच्या भट्टीत फ्लोराइड क्षार असतात. ते १,४०० अंशांच्या आसपास उकळतात आणि ही भट्टी चालते ६५०-७०० अंशांना. दाबाची गरजच नाही. युरेनियम त्या क्षारातच विरघळलेलं असतं. द्रव जास्त तापला की फुगतो आणि साखळी अभिक्रिया आपसूक मंदावते. तळाच्या नळीत गोठलेल्या क्षाराचं बूच असतं, गार हवेच्या झोताने घट्ट ठेवलेलं. वीज गेली, झोत थांबला, की बूच वितळतं आणि इंधन खालच्या टाकीत उतरतं. उरलेली उष्णता तिथूनही काढून न्यावी लागतेच, पण हे सांगायला व्हिडिओवाल्यांना सवड नसते.

हे नुसतं कागदावरचं नाही. अमेरिकेत ओक रिजच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत १९६५ ते १९६९ अशी भट्टी चालली. सुमारे ८ मेगावॅट उष्णता निघायची, ती सगळी हवेत सोडली. वीज एक युनिटही केली नाही. १९६८मध्ये थोरियमपासून मिळणारं युरेनियम-२३३ घालूनही ती चालवली.

घोडं अडतं ते भांड्यापाशी. माझी नोकरी हीट ट्रीटमेंटमध्ये, म्हणजे धातूचे भाग तापवून कणखर करण्यात गेली. सॉल्ट बाथमध्ये, म्हणजे वितळलेल्या क्षाराच्या भांड्यात, जॉब (तापवायचा भाग) सोडण्याआधी तो तापवून कोरडा करायचाच, नाहीतर क्षार अंगावर उडतो. आणि बाथ कितीही जपला तरी भांडं पातळ होतच जातं, क्षार आणि हवा जिथे भेटतात तिथे सगळ्यात आधी. आमचे क्षार वेगळे होते, भांडंही स्वस्त. खराब झालं की बदलायचं. किरणोत्सारी इंधनाचं भांडं असं कोण बदलणार?

स्टेनलेस स्टील टिकतं ते पृष्ठभागावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या थरामुळे. तप्त फ्लोराइड तो थरच विरघळवतं आणि मग आतलं क्रोमियम ओढून घेतं. ओलावा शिरला तर हायड्रोजन फ्लोराइड तयार होऊन धातू आणखी झपाट्याने खातो. म्हणून ओक रिजवाल्यांनी क्रोमियम जेमतेम सात टक्के ठेवून निकेलचा हॅस्टेलॉय-एन हा मिश्रधातू बनवला. तो गंजला फारच थोडा. पण विखंडनातून, म्हणजे अणू फुटण्यातून, निघालेलं टेल्युरियम हे मूलद्रव्य त्या धातूच्या स्फटिककणांच्या सीमांवर जाऊन बसलं आणि पृष्ठभागावर बारीक तडे दिसले. मिश्रधातूत थोडं निओबियम घालून आणि क्षाराचं रसायन काटेकोर सांभाळून हे तडे कमी करता येतात, हे तिथेच पुढे दिसलं. तरी वीजकेंद्र चालवायचं तर दशकांचा अनुभव लागतो, आणि हाताशी आहे चार वर्षांचा.

आता कचरा. अणू फुटला की तुकडे उरणारच, इंधन घन असो की द्रव. ओक रिजचा क्षार टाक्यांत गोठवून तसाच ठेवला होता. आतल्या किरणोत्सारामुळे त्यातून फ्लोरिन सुटत राहिला, आणि १९९४मध्ये लक्षात आलं की युरेनियम हेक्झाफ्लोराइड (युरेनियम आणि फ्लोरिनचं संयुग) वायू होऊन नळ्यांतून कोळशाच्या गाळणीपर्यंत पोचलंय. ते निस्तरायला वर्षं गेली.

सध्या चीनमध्ये गोबी वाळवंटाच्या भागात, वुवेईजवळ, २ मेगावॅट उष्णतेची थोरियमवरची प्रायोगिक भट्टी आहे. ऑक्टोबर २०२३मध्ये तिथे साखळी अभिक्रिया सुरू झाली. तिथला धातू काही वर्षांनी कसा दिसतो याचे अहवाल बाहेर आले, तर मेगावॅटच्या आकड्यांआधी मी ते वाचीन.