सीआरपी उतरला, ईएसआर मात्र चढलेलाच: यातलं खरं काय धरायचं?

तुमचे आकडे आधी एकत्र मांडतो, म्हणजे नव्याने वाचणाऱ्यांचा गोंधळ होणार नाही. स्त्री, वय 46. तापाच्या दुसऱ्या दिवशी सीआरपी (रक्तातलं एक प्रथिन) 96, ईएसआर (तांबड्या पेशी खाली बसण्याचा वेग) 24, फेरिटिन (लोह साठवणारं प्रथिन) 45. ताप जाऊन तीन आठवडे झाल्यावर सीआरपी 4, ईएसआर 52 आणि हिमोग्लोबिन 10.2. दोन्ही तपासण्या दाहाच्याच (इन्फ्लमेशन, म्हणजे संसर्ग किंवा इजेवर शरीराची प्रतिक्रिया), मग एक नॉर्मल आणि दुसरी वाढलेली कशी, हा तुमचा प्रश्न.

दोन्ही आकडे खरे असू शकतात. पहिल्या वेळीही त्यांचं जमत नव्हतं, फक्त उलट्या बाजूने, हे लक्षात आलं का? सीआरपी 96 असताना ईएसआर शांत होता.

सीआरपी यकृतात तयार होतो. शरीरात दाह सुरू झाला की पेशी इंटरल्युकिन-6 सोडतात आणि तो इशारा मिळताच यकृत कामाला लागतं. चार-सहा तासांत पातळी चढू लागते, साधारण दर आठ तासांनी दुप्पट होते आणि दीड-दोन दिवसांत शिखर गाठते. रक्तातून तो निघून जाण्याचा वेग मात्र आजारात बदलत नाही. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं व्हायला लागणारा वेळ, सुमारे 19 तास. म्हणजे रक्तातला आकडा जवळपास पूर्णपणे यकृत किती बनवतंय त्यावर ठरतो. उत्पादन अचानक थांबलं असं धरा: 96 चे 48, 24, 12, 6, 3. पाच वेळा निम्मं व्हायला चार दिवस. प्रत्यक्षात उत्पादन हळूहळू कमी होतं, म्हणून थोडे जास्त लागतात. तीन आठवड्यांनी 4 म्हणजे ते प्रकरण यकृताच्या लेखी कधीच मिटलं. संसर्गावर उपचार चालू असताना एकट्या आकड्यापेक्षा हा उतार पाहा. तीन-चार दिवसांत सीआरपी निम्म्यावरही आला नसेल तर औषध लागू पडत नाही, कुठेतरी पू साठलाय, किंवा निदानच वेगळं आहे, अशा शंका घ्याव्या लागतात.

ईएसआर हे प्रथिन नव्हेच. 200 मिलिमीटर खुणांच्या उभ्या नळीत तांबड्या पेशी एका तासात किती मिलिमीटर खाली बसल्या, एवढंच तो सांगतो. या पेशींवर ऋण भार असतो, त्यामुळे त्या एकमेकींना दूर ढकलतात. रक्तात फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारं प्रथिन) किंवा अँटिबॉडी वाढल्या की तो दुरावा कमी होतो, पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या चिकटतात आणि जड होऊन भराभर खाली बसतात. फायब्रिनोजेन वाढायला वेळ लागतो, म्हणून दुसऱ्या दिवशी तुमचा 24. त्याचं अर्धायुष्य चारेक दिवसांचं आणि आयजीजी अँटिबॉडींचं तर सुमारे तीन आठवड्यांचं, म्हणून ईएसआर उतरतोही रेंगाळत.

पण तुमच्या 52 मध्ये आणखी एक वाटेकरी आहे: हिमोग्लोबिन 10.2. पेशी कमी असल्या की त्या खाली बसताना अडथळा कमी होतो आणि दाह नसतानाही ईएसआर वाढतो. वयाचाही हिशोब असतो: पुरुषांसाठी वय भागिले 2, स्त्रियांसाठी वय अधिक 10, भागिले 2. तुमची वरची मर्यादा त्यानुसार 28 येते. लॅबच्या कागदावर छापलेला सरसकट 20 विसरा. गरोदरपणात तर ईएसआर वाढलेलाच असतो, तेव्हा त्याच्यावर विसंबू नये. नळी नुसती 3 अंश कलली तरी आकडा 30 टक्क्यांपर्यंत फुगू शकतो. उलट नमुना खोलीच्या तापमानाला चार तासांहून जास्त पडून राहिला किंवा त्यात गुठळी झाली तर तो खोटा कमी येतो.

आता फेरिटिन. माझ्या मते तुमच्या रिपोर्टमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ हीच, आणि तिच्याकडेच कोणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही. फेरिटिन लोहाचा साठा दाखवतं हे खरं, पण दाहातही ते वाढतं. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शनात निरोगी प्रौढासाठी 15 मायक्रोग्रॅम प्रति लिटरखाली, पण संसर्ग किंवा दाह असताना 70 खाली, लोहाची कमतरता धरायला सांगितलंय. तुमचं 45 सीआरपी 96 असताना आलंय. कागदावर ‘नॉर्मल’ छापलं असलं तरी साठा रिकामा असण्याची शक्यता दाट आहे.

अल्ब्युमिन (रक्तातलं मुख्य प्रथिन) केलं असेल आणि थोडं कमी आलं असेल तर लगेच खाण्याला दोष देऊ नका. दाहात ते उतरतंच, आणि सुमारे 20 दिवसांच्या अर्धायुष्यामुळे सावरायलाही वेळ घेतं.

सीआरपी नॉर्मल म्हणून नेहमीच निर्धास्त होता येत नाही. ल्यूपसमध्ये (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) आजार भडकलेला असताना ईएसआर वाढलेला आणि सीआरपी जवळपास शांत, असं बरेचदा दिसतं. त्या रुग्णाचा सीआरपी एकदम उसळला तर आधी संसर्ग शोधतात. यकृत निकामी होत असेल तर सीआरपी बनवणार कोण? टोसिलिझुमॅब हे संधिवातावरचं औषध घेणाऱ्यांत इंटरल्युकिन-6 चा इशाराच अडवलेला असतो, त्यामुळे गंभीर संसर्गातही आकडा गोड दिसतो.

एककही तपासा. काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटर देतात, काही प्रति डेसिलिटर. 4 आणि 0.4 एकच. दोन रिपोर्ट शेजारी ठेवून ‘दहापट वाढला’ म्हणून घाबरलेली माणसं कमी नाहीत. आणि 2 चा 4 झाला तर तो बदल मोजू नका, निरोगी माणसातही एवढी वरखाली होते. हाय-सेन्सिटिव्हिटी सीआरपी ही हृदयविकाराच्या जोखमीसाठीची तपासणी आहे: 1 खाली कमी, 1 ते 3 मध्यम, 3 वर जास्त. ती बरं वाटत असताना, दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा करतात. 10 च्या वर आली तर जोखीम ठरवण्याआधी संसर्ग किंवा दाहाचं कारण शोधून ती पुन्हा करतात.

प्रोकॅल्सिटोनिन या आणखी एका रक्ततपासणीचं विचारलं होतंत. आता करून उपयोग नाही. जिवाणूंचा गंभीर संसर्ग चालू असताना त्याला अर्थ असतो, आणि तेव्हाही मोठी शस्त्रक्रिया, भाजणं किंवा मूत्रपिंडाचा आजार त्याला फसवतात.

तुमच्या डॉक्टरांना हे दोन मुद्दे दाखवा: सीआरपी सामान्य असताना फेरिटिन पुन्हा करणं आणि सोबत ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (लोह वाहून नेणारं प्रथिन लोहाने किती भरलंय ते) करणं, आणि कमतरता निघाली तर रक्त कुठून जातंय ते शोधणं, त्यात मासिक पाळीतला रक्तस्राव आधी. हिमोग्लोबिन सुधारल्यावर, साधारण दोन महिन्यांनी, ईएसआर परत करा. तेव्हाही तो 50 च्या आसपासच असेल तर सिरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस मागा. अँटिबॉडी वाढल्यात का, आणि वाढल्या असतील तर एकाच प्रकारच्या की सगळ्याच, ते त्यात दिसतं. मात्र मधल्या काळात ताप परतला, वजन उतरू लागलं किंवा डोक्याच्या बाजूला नवीन दुखणं आणि नजरेचा त्रास सुरू झाला तर दोन महिने थांबू नका. नजरेच्या बाबतीत तर त्याच दिवशी दाखवा.