जुना लॅपटॉप, नवा आयफोन आणि आपला ‘ळ’

प्रश्न : घरात २०१६ चा लॅपटॉप आहे. प्रोसेसर आय५-६२००यू, रॅम ८ जीबी, हार्ड डिस्क साधी, विंडोज १०. मुलगा म्हणतो विकून टाका, भाचा म्हणतो लिनक्स घाला, जेल रोडवरचा दुकानदार म्हणतो विंडोज ११ टाकून देतो. आमच्या ह्यांचा दुकानाचा हिशेब टॅलीत, याच लॅपटॉपवर असतो. कुणाचं ऐकू?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : भाच्याचं ऐका, पण टॅलीची सोय लावल्यावर.

दुकानदार ११ टाकून देईलही. पण तुमच्या प्रोसेसरच्या नावात आडव्या रेघेनंतरचा पहिला आकडा ६ आहे, म्हणजे तो सहाव्या पिढीचा. विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. ही तपासणी चुकवून ११ बसवता येतं, मात्र अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. हिशेबाच्या मशीनवर हा धोका अजिबात पत्करू नका.

विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा-अपडेटची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ आहे. त्यासाठी आवृत्ती २२एच२ हवी. सेटिंग्जमधल्या ‘विंडोज अपडेट’च्या पानावर नोंदणीचं बटण असतं. मायक्रोसॉफ्ट खात्याने आत जाऊन सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवलात तर पैसे पडत नाहीत. ही नोंदणी आधी उरकून घ्या.

मग डिस्क बदला. असे लॅपटॉप रखडतात ते बहुधा साध्या हार्ड डिस्कमुळे, आणि दोष मात्र प्रोसेसरला लागतो. अडीच इंची साटा एसएसडी (साध्या डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) घ्या. विंडोज आणि लिनक्स अशा दोन्ही सिस्टिम ठेवायच्या आहेत, म्हणून ५१२ जीबीची. जुनी डिस्क यूएसबी केसमध्ये घालून जपून ठेवा, टॅलीचा सगळा डेटा तिच्यावरच आहे.

टॅली थेट लिनक्सवर चालत नाही. आडमार्गाने चालवण्याचे प्रयोग खऱ्या हिशेबावर करू नका. आधी विंडोज १० बसवून टॅली सुरू करा, जुन्या डेटाची एखादी नोंद उघडून पाहा, आणि मगच शेजारी लिनक्स मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) घाला. टॅलीसाठी विंडोज, आणि इंटरनेट, बँक, पत्रव्यवहार मिंटवर अशी वाटणी ठेवा.

मिंटला २ जीबी रॅम पुरते, ४ असली तर बरी. तुमच्याकडे दुप्पट आहे. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या (त्यावरचं सगळं पुसलं जाईल) आणि रूफस या प्रोग्रामने त्यावर मिंटची फाइल उतरवा. लॅपटॉप सुरू होताना डेल किंवा लेनोव्हो असेल तर एफ१२ दाबा, एचपी असेल तर एफ९. मिंट पेनड्राइव्हवरूनच उघडतं, तोवर डिस्कला हात लागत नाही. तेवढ्यात वायफाय, आवाज आणि प्रिंटर तपासा. वायफाय दिसलं नाही, तर फोन यूएसबीने जोडून टेदरिंग (फोनचं इंटरनेट लॅपटॉपला देणं) चालू करा आणि बसवल्यानंतर ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडा.

दोन सिस्टिम एकत्र नांदताना दोन कुरबुरी हमखास होतात. एक म्हणजे विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’. ते चालू असेल तर विंडोज पुरतं बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि मिंटमधून त्या भागातल्या फाइली फक्त वाचता येतात, बदलता येत नाहीत. कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये ते बंद करा. दुसरी कुरबूर घड्याळाची. मिंटमधून विंडोजमध्ये आल्यावर वेळ साडेपाच तास मागे दिसते, कारण मिंट मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं आणि विंडोज तीच इथली वेळ समजतं. मिंटच्या टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) ‘timedatectl set-local-rtc 1’ ही आज्ञा द्या.

प्रश्न : मुलीने आयफोन दिला. सुरू केला, सिम घातलं, पण अँड्रॉइडमधल्या व्हॉट्सॲपचा गुगल ड्राइव्हवरचा बॅकअप त्यात दिसतच नाही. सगळं गेलं का?
— राजेंद्र नगर, इंदूर

उत्तर : गेलेलं नाही. आयफोनवरचं व्हॉट्सॲप आयक्लाउडचा बॅकअप वाचतं, गुगल ड्राइव्हचा नाही. जुना फोन अजिबात पुसू नका.

गप्पा हलवायला आयफोन कोरा लागतो. तुम्ही तो सुरू करून बसलात, म्हणून सेटिंग्ज, जनरल आणि ‘ट्रान्सफर ऑर रीसेट आयफोन’ या पर्यायातून सगळं पुसून नव्याने सुरू करा. जुन्या फोनवर ‘मूव्ह टू आयओएस’ हे ॲप घ्या. दोन्ही फोन चार्जरला लावा. आयफोनवर डेटा आणण्याच्या पडद्यावर ‘अँड्रॉइडवरून’ निवडा आणि तिथे दिसणारा कोड जुन्या फोनवर भरा. यादीत व्हॉट्सॲप निवडायचं राहून गेलं की सगळी मेहनत वाया जाते. काम चालू असताना जुन्या फोनवर दुसरं ॲप उघडलं किंवा मोबाइल डेटा मध्ये आला तर जोडणी तुटते, म्हणून डेटा बंद ठेवा. शेवटी आयफोनवर व्हॉट्सॲप बसवून तोच नंबर द्या. कॉलची यादी येत नाही. यूपीआय नव्या फोनवर पुन्हा नोंदवावं लागतं, म्हणून बँकेशी जोडलेलं सिम त्यातच असू द्या.

प्रश्न : संगणकावर मराठी लिहिताना ‘ळ’ सापडत नाही आणि ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं. मिंटवर गेल्यास हे सुटेल का?
— लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : त्यासाठी सिस्टिम बदलू नका. इनस्क्रिप्ट कळफलक विंडोजवरही आहे आणि मिंटवरही, कळा त्याच. ‘ळ’साठी शिफ्ट आणि एन. ‘ऱ्या’साठी शिफ्ट आणि जे, मग डी, मग तिरक्या रेघेची कळ, मग ई. साधा ‘र’ वापरलात की रफार होतो. इथे हिंदीच्या सवयीने बोटं साध्या ‘र’वर जातात, पण आठवडाभरात वळण लागतं. कृतिदेव या जुन्या फॉन्टमधल्या फाइली मात्र तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर रोमन अक्षरांचा कचरा दिसतात. त्या युनिकोडमध्ये बदलून घ्या, आणि बदलल्यावर ‘ळ’ आणि ‘ऱ्य’ डोळ्यांनी तपासा.