सुई कोणाच्या हातात आहे, हे विचारण्याचा संकोच

फोंड्यातील माझ्या समुपदेशन कक्षात अलीकडे एक प्रश्न वरचेवर येतो, आणि तो बहुधा भेट संपता संपता, पर्स उचलून उठताना विचारला जातो. चेहऱ्यावर इंजेक्शने घ्यायची आहेत, पण डॉक्टर विश्वासाचा आहे हे ओळखायचे कसे? मी वैद्य नाही, त्यामुळे इंजेक्शन घ्यावे की घेऊ नये याबद्दल मी मत देत नाही. परंतु या बाबतीत निवड चुकते ती माहिती नसल्यामुळे कमी आणि विचारण्याच्या संकोचामुळे अधिक, असे मला अनुभवाने वाटू लागले आहे. ज्या भेटींतून हे मला स्पष्ट झाले, त्या मी संबंधित बाईंच्या परवानगीने आणि ओळख पटू नये इतके तपशील बदलून सांगत आहे.

डिचोलीच्या बाजूला एका शाळेत शिकवणाऱ्या, सेहेचाळीस वर्षांच्या या बाई झोप लागत नाही म्हणून माझ्याकडे आल्या होत्या. मुलीचे लग्न तीन आठवड्यांवर आले होते. त्यांच्या दोन भुवयांच्या मध्ये दोन उभ्या आठ्या होत्या आणि वर्गातली मुले अधूनमधून विचारत, "टीचर, तुम्ही रागावलात?" लग्नाच्या फोटोंत आपण रागावलेल्या दिसू नये, एवढीच त्यांची इच्छा होती. म्हापशातील एका पार्लरमध्ये रविवारी बाहेरगावचे डॉक्टर येतात आणि चार-पाच जणींनी एकदम नाव दिले तर सवलत मिळते, असे कळल्यावर त्यांनी पाच हजार रुपये आगाऊ भरले होते. घरात यातले काहीच कोणाला ठाऊक नव्हते. झोप उडाली होती ती पैसे भरल्या दिवसापासून.

मी डॉक्टरांचे नाव विचारले, ते त्यांना माहीत नव्हते. औषध कोणते, यावर "बोटॉक्सच असेल ना" एवढेच उत्तर आले. विचारून का घेतले नाही, असे म्हटल्यावर त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "मॅडम, या वयात ही हौस, आणि त्यावर पुन्हा शंका काढायच्या, म्हणजे त्यांना काय वाटेल? शुक्रवारच्या बाजारात मिरच्या घेताना मी एकेक मोडून वास घेते. इथे मात्र तोंडच उघडले नाही." ज्या गोष्टीची लाज वाटते ती गुपचूप उरकण्याकडे मन धावते, आणि गुपचूप उरकायच्या गोष्टीत चौकशी करता येत नाही. त्यांच्या जागरणाचे मूळ मला इथे सापडले.

पहिल्या भेटीचा उरलेला वेळ मी दुसऱ्याच चौकशीत घालवला, आणि ती मी कधीही टाळत नाही. आरशासमोर दिवसाचा किती वेळ जातो, चेहऱ्यामुळे समारंभ किंवा फोटो टाळले जातात का, इतरांना जे जेमतेम दिसते ते व्यंग स्वतःला असह्य वाटते का, हे मी विचारते. शरीरप्रतिमेचा विकार असलेल्या व्यक्तीला इंजेक्शनने समाधान क्वचितच मिळते; एक रेष गेली की मन दुसरी शोधते, आणि अशा वेळी मानसोपचाराची वाट दाखवणे हे माझे काम असते. या बाईंच्या बाबतीत तसे काही आढळले नाही. त्यांची इच्छा साधी होती आणि तिची लाज वाटण्याचे कारण नव्हते. हे मी त्यांना तसेच सांगितले.

दुसऱ्या भेटीत आम्ही प्रश्नांची तालीम केली. मी डॉक्टर झाले आणि त्या रुग्ण. पहिल्या खेपेस प्रत्येक प्रश्नाआधी त्यांनी "सॉरी" म्हटले. कोणता प्रश्न का विचारायचा हे कळले तर तो विचारायला बळ येते, म्हणून माझ्या परिचयातील एका त्वचारोगतज्ज्ञांकडून समजून घेतलेली माहिती मी त्यांच्यापुढे मांडली. बोटॉक्स आणि फिलर ही दोन अगदी वेगळी औषधे आहेत. बोटॉक्स हे बोट्युलिनम टॉक्सिनचे एका कंपनीचे व्यापारी नाव असून ते स्नायूला मिळणारा मज्जातंतूचा संदेश अडवते, त्यामुळे आठी पाडणारा स्नायू सैलावतो. परिणाम काही दिवसांत दिसू लागतो, साधारण दोन आठवड्यांत पूर्ण होतो आणि तीन-चार महिने टिकतो. निरनिराळ्या कंपन्यांच्या औषधांची युनिटे, म्हणजे मात्रा मोजण्याची मापे, सारखी नसतात, म्हणून नुसता स्वस्त दर ऐकून काहीच ठरवता येत नाही. औषध कोणते आणि युनिटे किती, हे दोन्ही विचारावे लागते. फिलर मात्र त्वचेखाली भर घालतो. तो चुकून रक्तवाहिनीत गेला तर तेथील त्वचेचा रक्तपुरवठा तुटू शकतो, आणि भुवयांमधल्या व नाकाच्या भागातील रक्तवाहिन्यांचा डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी संबंध असल्यामुळे क्वचित दृष्टीही जाऊ शकते. त्वचा पांढरी पडणे, तीव्र वेदना होणे, दिसण्यात फरक पडणे, अशा वेळी मिनिटे मोलाची असतात. हायल्युरॉनिक आम्लाचा फिलर विरघळवणारे हायल्युरॉनिडेज हे औषध क्लिनिकमध्ये तयार हवे आणि ते वापरू जाणणारा माणूस जागेवर हवा.

हे ऐकल्यावर त्यांनी स्वतःच विचारले, "म्हणजे संध्याकाळच्या गाडीने परत जाणारे डॉक्टर सोमवारी सकाळी मला कुठे भेटणार?" यापेक्षा नेमका प्रश्न मलाही सुचला नसता.

पदवीबद्दलही आम्ही बोललो. त्वचारोगातील एमडी किंवा मान्यताप्राप्त पदविका, प्लास्टिक सर्जरीतील एमसीएच हे वर्षानुवर्षांचे शिक्षण असते. दोन दिवसांच्या कार्यशाळेचे चौकटीतले प्रमाणपत्र त्याची जागा घेऊ शकत नाही. डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावावा आणि चिठ्ठीवर व पावतीवरही छापावा, असे वैद्यकीय आचारसंहितेच्या 2002 च्या नियमांतच म्हटले आहे. तो क्रमांक मागणे हा अविश्वास नव्हे, आणि गोवा मेडिकल कौन्सिलकडे त्याची खातरजमा करणे हा रुग्णाचा साधा अधिकार आहे.

त्यांनी पार्लरला माझ्यासमोरच फोन लावला. नाव आणि नोंदणी क्रमांक विचारल्यावर पलीकडून उत्तर आले, "डॉक्टर फार मोठे आहेत, तुम्ही काळजी करू नका." त्यांनी शांतपणे पुन्हा तेच विचारले, उत्तरही तेच आले, आणि नाव रद्द करा असे सांगून त्यांनी फोन ठेवला. आगाऊ रक्कम परत मिळाली नाही.

त्यानंतर त्या पणजीतील एका त्वचारोगतज्ज्ञांकडे गेल्या. तिथे त्यांच्या प्रश्नांआधी डॉक्टरांचेच प्रश्न सुरू झाले: कोणत्या गोळ्या चालू आहेत, पूर्वी असे इंजेक्शन घेतले आहे का, स्नायू दुबळे होण्याचा आजार घरात किंवा स्वतःला आहे का. रोज घेत असलेल्या रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा उल्लेख करायचे बाईंच्या मनातही आले नव्हते. तिच्यामुळे चेहऱ्यावर काळेनिळे डाग उठू शकतात, पण ती स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, हे त्यांना तिथे कळले. शेवटी डॉक्टर म्हणाले की लग्नाला आता जेमतेम बारा दिवस आहेत, परिणाम पूर्ण दिसायलाच दोन आठवडे लागतात आणि इंजेक्शनामुळे पापणी खाली उतरली तर ती सावरायला काही आठवडे जातात, तेव्हा लग्न झाल्यावर या.

बाई माझ्याकडे आल्या त्या रागानेच. "तुमचे प्रश्न विचारत बसले आणि लग्न हातचे गेले," असे त्या म्हणाल्या. मी त्यांना समजावण्याची घाई केली नाही, कारण त्यांची निराशा खरी होती. लग्नात त्या आठ्यांसह उभ्या राहणार होत्या, आणि ते त्यांना आवडलेले नव्हते. मी फक्त एवढेच विचारले की आलेली फी आणि आलेला रुग्ण परत पाठवणारा डॉक्टर त्यांना कसा वाटला. त्यांनी उत्तर दिले नाही, पण पुढच्या भेटीची वेळ घेऊन गेल्या. त्या भेटीत झोप सुधारल्याचे त्यांनी सांगितले. शिवाय सगळी हकिगत मुलीच्या कानावर घातली होती, आणि लेकीने "आधी का नाही सांगितलेस?" असे म्हटले होते.

लग्नानंतर दोन महिन्यांनी त्या त्याच डॉक्टरांकडे गेल्या, बरोबर मुलगी होती. संमतिपत्र त्यांनी आदल्या भेटीत घरी नेऊन वाचले होते. फिलर नको, फक्त भुवयांमधल्या आठ्यांसाठी इंजेक्शन, असे दोघांचे ठरले. डॉक्टरांनी फ्रिजमधून बंद कुपी काढून समोर ठेवली आणि औषधाचे नाव, बॅच क्रमांक व युनिटे कागदावर लिहू लागले. बाई म्हणाल्या, "कुपीवरचे मला वाचायचे आहे." सॉरी म्हणायचे राहून गेले, हे त्यांच्या नंतर लक्षात आले. चष्मा पर्सच्या तळाशी गेला होता, तो सापडेपर्यंत डॉक्टर कुपी हातात धरून थांबले.