अडलंय कुठे? : काट्यावरचं वजन बिलात उतरवताना

प्रश्न : ताई, आमचा भुईकाटा आहे. इंडिकेटरची (वजनाचा आकडा दाखवणाऱ्या डब्याची) वायर कॉम्प्युटरच्या कॉम-१ पोर्टला येते. व्हीबी-६ (व्हिज्युअल बेसिक) मधला एक जुना प्रोग्रॅम वजन दाखवतो, भरगाडी-रिकामी गाडी धरून पावती काढतो. ज्यानं तो लिहिला तो आता हे काम करत नाही, पण सोर्स कोड आमच्याकडे सीडीवर आहे. बिलाचा प्रोग्रॅम माझ्या भाच्यानं सी-शार्पमध्ये केलाय. दोन्ही एकाच मशीनवर, एकाच वेळी उघडे असतात. पोरगा पावती बघून बिलात वजन टाइप करतो. मागच्या महिन्यात सोयाबीनच्या गाडीला १२,४६० च्या जागी १४,२६० पडले, १८ क्विंटलचा फरक! भाच्यानं बिलाच्या प्रोग्रॅममधून कॉम-१ उघडून बघितला, तर ‘ॲक्सेस डिनाइड’. मग जुन्या प्रोग्रॅममधल्या वजनाच्या व्हेरिएबलचा मेमरीतला पत्ता काढला आणि दुसऱ्यातून त्या पत्त्यावर वाचायला गेला, तर बिलाचा प्रोग्रॅमच बंद पडला. दोघांना एकच व्हेरिएबल वापरता येत नाही का?
— एक काटेवाला, शिरोळ तालुका

उत्तर : भाच्याला माझ्याकडून शाबासकी द्या. पत्ता काढून वाचायचं सुचलं म्हणजे पोरगं विचार करतंय. फक्त तो पत्ता गावाच्या नावाशिवायचा आहे. ‘घर नंबर १२’ शिरोळलाही असतं आणि कुरुंदवाडलाही. विंडोज प्रत्येक चालू प्रोग्रॅमला त्याचं स्वतःचं वेगळं गाव देते. ३२ बिटच्या प्रोग्रॅमच्या वाट्याला साधारणपणे २ जीबीची पत्त्यांची जागा येते आणि तिच्यातला ‘अमुक नंबर’ फक्त त्याच्यापुरता खरा असतो. बिलाच्या प्रोग्रॅमच्या गावात त्या नंबरचं घरच बांधलेलं नव्हतं, म्हणून तो पडला. गंमत म्हणजे विंडोज ३.१ च्या काळात हाच उद्योग बऱ्याचदा चालून गेला असता. तेव्हा सगळे प्रोग्रॅम एकाच वाड्यात राहत. पण मग एकानं चूल पेटवताना घोटाळा केला की अख्खा वाडा जळायचा. मधे भिंती आल्या ते बरंच झालं.

कॉम-१ चंही तसंच. सीरियल पोर्ट एका वेळी एकच प्रोग्रॅम उघडू शकतो, तिथं वाटणी नाही. पोर्ट दुभागून देणारी सॉफ्टवेअरं मिळतात. कुणी सुचवलं तर घेऊ नका. मग दोन प्रोग्रॅम तेच आकडे आपापल्या डोक्यानं वाचतील. गाडी काट्यावर चढल्यावर आकडा हलत असतो. एकानं १२,४६० ला ‘स्थिर’ म्हटलं आणि दुसऱ्यानं १२,४५० ला, तर पावती एक आणि बिल दुसरं. वजनाचा मालक एकच हवा, आणि तो तुमचा जुना प्रोग्रॅम आहे. तो ठरवेल, बाकीच्यांनी ऐकायचं.

आता मुद्द्यावर. ‘एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात डेटा कसा द्यायचा’ असं विचारलं की लोक लगेच पद्धतींची यादी काढतात : पाइप आणि सॉकेट (दोन चालू प्रोग्रॅममधल्या नळ्या म्हणा), क्लिपबोर्ड (कॉपी-पेस्टची जागा), डीडीई (प्रोग्रॅमनं प्रोग्रॅमला डेटा द्यायची विंडोजमधली जुनी सोय). यादी काढण्याआधी मी एक विचारते. देताय ते फळ्यावरचा आकडा आहे की चिठ्ठी? फळ्यावरचा आकडा पुसून नवा लिहिला तरी जुन्यासाठी कुणी रडत नाही, आत्ताचा दिसला की झालं. चिठ्ठी मात्र एकही हरवता कामा नये आणि एकही दोनदा लागू होता कामा नये. तुमच्याकडे दोन्ही आहेत. काट्यावर आत्ता दिसतंय ते चालू वजन हा फळा. पावती निघाल्यावरचं निव्वळ वजन ही चिठ्ठी. १८ क्विंटल गेले ते चिठ्ठीत. म्हणून आधी चिठ्ठीचं बघा. फळ्याचं नंतर केलंत तरी चालेल, नाही केलंत तरी धंदा थांबत नाही.

चिठ्ठीसाठी मी फोल्डर आणि फाइल सांगणार आहे. भाचा नाक मुरडेल, फाइल म्हणजे जुनाट वाटतं. मुरडू द्या. पावती निघाली की जुन्या प्रोग्रॅमनं ठरलेल्या फोल्डरमध्ये एक छोटी फाइल लिहायची. एका पावतीला एक फाइल, नावात पावती नंबर. आत गाडी नंबर, भरगाडी, रिकामी, निव्वळ, तारीख-वेळ. बिलाच्या प्रोग्रॅमनं ती उचलायची, आपल्या डेटाबेसमध्ये नोंदवायची आणि फाइल ‘झालेल्या’ फोल्डरमध्ये सरकवायची. बिलाचा प्रोग्रॅम बंद असला तर फाइली तिथंच वाट बघत बसतात. लाइट गेली तरी लिहून झालेल्या फाइली जागच्या जागी. हे पाइप किंवा सॉकेटमध्ये फुकट मिळत नाही. तिथं समोरचा जागा नसेल तर बोलणं हवेत जातं.

पण फाइल कशी लिहायची यात माझे स्वतःचे हात पोळलेत, म्हणून जरा थांबून सांगते. १९९९ साली मी एका दूध संस्थेला प्रोग्रॅम करून दिला होता. एक प्रोग्रॅम फॅटच्या मशीनचं वाचन एका वाढत जाणाऱ्या फाइलमध्ये लिहायचा, दुसरा तीच फाइल वाचून दर लावायचा. दोन महिने सुरळीत. मग एक म्हैसवाला भांडायला आला, म्हणाला माझं फॅट कधी साडेसहाच्या खाली-वर नसतं आणि तुमच्या कागदावर बरोब्बर ६ कसं? मशीनवर ६.५ होतं. झालं असं होतं, की लिहिणारा प्रोग्रॅम ओळ-ओळ डिस्कवर पाठवत नाही, गठ्ठा साठला की पाठवतो. गठ्ठ्याची कड नेमकी ‘६.’ आणि ‘५’ च्या मधे आली आणि वाचणाऱ्यानं त्याच क्षणी फाइल उघडली. त्याला ‘६.’ मिळालं आणि व्हीबीचं ‘व्हॅल’ फंक्शन ‘६.’ ला बिनतक्रार ६ म्हणतं. एरर नाही, काही नाही. अर्धवट आकडाही आकडाच दिसतो, घात तिथं होतो. अर्धवट नाव निदान डोळ्याला खटकतं तरी.

म्हणून फाइल आधी ‘.टीएमपी’ अशा शेपटीनं लिहायची, पूर्ण लिहून बंद करायची, आणि मगच तिचं नाव बदलून ‘.टीएक्सटी’ करायचं. व्हीबी-६ मध्ये त्यासाठी ‘नेम’ हे एक ओळीचं स्टेटमेंट आहे. एकाच ड्राइव्हवर नाव बदलणं म्हणजे फाइल हलवणं नाही, फक्त पाटी बदलणं. अर्धी बदललेली पाटी वाचणाऱ्याला दिसत नाही. बिलाच्या प्रोग्रॅमनं ‘.टीएक्सटी’ सोडून कशालाही हात लावायचा नाही. शिवाय शेवटच्या ओळीत ‘समाप्त’ अर्थाची एखादी खूण ठेवा आणि ती नसेल तर फाइल बाजूला काढा. मी तरी ठेवते, एकदा पोळल्यावर.

सी-शार्पमध्ये फोल्डरवर नजर ठेवायला ‘फाइलसिस्टिमवॉचर’ आहे. भाचा तोच वापरेल. वापरू द्या, पण त्याच्या भरवशावर राहू नका. एकाच फाइलसाठी तो दोन-तीनदा हाक मारतो आणि त्याचा बफर (हाका साठवायची जागा, मुळात ८,१९२ बाइटची) भरला तर काही हाका गिळतोही. त्यामुळे प्रोग्रॅम सुरू होताना एकदा आणि मग दर दोन-तीन सेकंदांनी फोल्डर स्वतः धुंडाळायचा. एखादी पावती दोनदा वाचली गेली तर? बिलाच्या टेबलात पावती नंबरला ‘युनिक’ (तोच नंबर दुसऱ्यांदा चालणार नाही अशी अट) लावा. दुसऱ्यांदा नोंद करायला गेला की डेटाबेसच हाकलून देईल. हे विसरलात तर एका गाडीची दोन बिलं जातील आणि मग मला नको, शेतकऱ्याला उत्तर द्या.

आणि हो, बिलात वजनाचा रकाना आता टाइप करता येणार नाही असा करा. तो उघडा ठेवला तर पोरगं सवयीनं टाइप करणारच.

फळ्याचं, म्हणजे चालू वजनाचं. भाच्याला ‘एकच व्हेरिएबल दोघांना’ हवं होतं ना? त्याची हौस इथं भागेल. विंडोजला सांगून सामाईक मेमरीचा एक नाव दिलेला तुकडा मागता येतो. जुन्या प्रोग्रॅमात ‘क्रिएटफाइलमॅपिंग’ हे फंक्शन डिक्लेअर करायचं आणि फाइलच्या जागी उणे १ द्यायचं, म्हणजे डिस्कवरची कुठली फाइल लागत नाही. सी-शार्पमध्ये ‘मेमरीमॅप्डफाइल’ हा क्लास डॉटनेट ४ पासून, म्हणजे २०१० पासून आहे. त्याच नावानं उघडायचं की दोघांना एकच फळा दिसतो. दोन गावांच्या शिवेवरची विहीर म्हणा. दोन्हीकडून उतरता येतं, पायऱ्यांचे नंबर वेगवेगळे असले तरी पाणी एकच.

इथं दोन खड्डे आहेत. व्हीबी-६ मधला ‘लाँग’ ४ बाइटचा आणि सी-शार्पमधला ‘लाँग’ ८ बाइटचा. नाव तेच, माप वेगळं. सी-शार्पमध्ये ‘इंट’ घ्यायचा. लाँग घेतला तर वजन आणि त्याच्या शेजारचा आकडा एकत्र वाचला जाईल. समजा वजन १२,४६० आणि शेजारी ७ आहे, तर भाच्याला ३०,०६,४७,८३,५३२ किलो दिसेल. तेवढं सोयाबीन असतं तर तुम्ही मला पत्र लिहीत बसला नसता.

आणि दुसरा खड्डा जास्त वाईट, कारण तो दिसत नाही. जुना प्रोग्रॅम अडकला किंवा वायर निघाली, तरी फळ्यावर शेवटचा आकडा तसाच राहतो. गाडी उतरून गेली, तरी बिलाच्या पडद्यावर १२,४६०! म्हणून शेजारी एक मोजणी ठेवा. इंडिकेटरकडून नीट वाचन आलं की जुन्या प्रोग्रॅमनं ती एकानं वाढवायची. बिलाच्या प्रोग्रॅमला ती दोन सेकंद जागची हललेली दिसली नाही, की वजनाच्या जागी नुसत्या रेघा दाखवायच्या. वर मी वजनाशेजारी ७ घेतला, तो हाच. वजन आणि मोजणी वेगवेगळ्या क्षणांची वाचली जाऊ नये म्हणून नाव दिलेलं एक म्युटेक्स कुलूप (एका वेळी एकाच प्रोग्रॅमला आत सोडणारं) लावा. कुलूप लावूनच पहिला प्रोग्रॅम मेला तर सी-शार्प ‘अबँडन्ड म्युटेक्स’ची तक्रार करतं. ती पकडा, नाहीतर एकाच्या मागे दुसराही जाईल.

व्हीबी-६ मध्ये डीडीई आयतं आहे, ते का नको असं भाचा विचारेल. डीडीई १९८७ सालचं, विंडोज २ सोबत आलेलं. अजून चालतं, पण आज नवीन काम त्यावर बांधू नये, अडकलंत तर सांगणारा माणूस शोधावा लागेल. क्लिपबोर्ड तर नकोच. तो वापरणाऱ्याचा आहे, प्रोग्रॅमनं त्यात हात घालणं म्हणजे दुसऱ्याच्या खिशात चिठ्ठी ठेवणं.

प्रश्न : मॅडम, सामाईक मेमरीनं दोन प्रोग्रॅम जोडले, छान चालत होतं. मग वाचन करणारा प्रोग्रॅम विंडोज सर्व्हिस केला, म्हणजे लॉगिन न करताही चालेल. तेव्हापासून दुसऱ्याला ते नावच सापडत नाही. कोड तोच आहे.
— वाचक, चाकण

उत्तर : कोड तोच आहे, पण तुम्ही त्याला वेगळ्या वाड्यात नेलंत. विंडोज व्हिस्टापासून सर्व्हिस सेशन ० मध्ये (सेशन म्हणजे विंडोजमधलं एक वेगळं दालन) चालतात आणि लॉगिन केलेला माणूस सेशन १ किंवा पुढच्यात. साधं नाव ज्याच्या-त्याच्या सेशनपुरतं असतं. नावाच्या आधी ‘ग्लोबल’ आणि उलटी तिरकी रेघ लावा, दोन्हीकडे. तुकडा सर्व्हिसनंच तयार करायचा, कारण ग्लोबल तुकडा तयार करायचा हक्क साध्या वापरकर्त्याला नसतो. उघडायला हरकत नसते. एवढं करून नाव सापडेल आणि मग बहुधा ‘ॲक्सेस डिनाइड’ येईल. घाबरू नका, ती प्रगती आहे. सर्व्हिसनं तयार करतानाच साध्या वापरकर्त्यांना वाचायची परवानगी द्यायची राहिली, एवढाच त्याचा अर्थ.

प्रश्न : नेम्ड पाइपनं एका प्रोग्रॅममधून दुसऱ्याला ग्राहकाचं नाव पाठवतो. आधी लांबी, मग नाव. इंग्रजी नावं बरोबर जातात. ‘कुलकर्णी’ पाठवलं की ‘कु’ आणि एक चौकोन येतो आणि त्यानंतरचं सगळंच बिघडतं. फाँटचा दोष आहे का?
— वाचक, नाशिक

उत्तर : फाँट बिचारा निर्दोष आहे. ‘कुलकर्णी’ म्हणजे डोळ्याला चार अक्षरं. सी-शार्पला लेंग्थ विचारली तर ती ८ सांगते, कारण उकार, रफाराचा हलन्त, वेलांटी ही सगळी तिला स्वतंत्र. पण पाइपमधून यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये मांडायची एक पद्धत) जातंय आणि तिथं यातल्या प्रत्येकाला ३ बाइट लागतात, म्हणजे २४. तुम्ही लांबी ८ पाठवलीत. समोरच्यानं इमानदारीत ८ बाइट उचलले : ‘क’चे तीन, उकाराचे तीन आणि ‘ल’चे दोन. ‘ल’ अर्धा तुटला, तो तुमचा चौकोन. उरलेले १६ बाइट पाइपातच राहिले आणि त्यांनाच तो पुढच्या नावाची लांबी समजून बसला, म्हणून पुढचं सगळं बिघडलं. इंग्रजीत एका अक्षराला एकच बाइट लागतो, त्यामुळे चूक असूनही झाकली गेली. आधी नावाचे बाइट करून घ्या, मग त्या बाइटची लांबी मोजून पाठवा. आणि यापुढे चाचणी घेताना ‘टेस्ट १२३’ पाठवू नका, ‘कुलकर्णी’ पाठवा.